थांबलेली गाडी सांभाळता येते का? पन्नाशीनंतर पुन्हा मोटारसायकल : वाचकांचे प्रश्न

मुलांची शिक्षणं झाली, घराचे हप्ते फिटले आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वी विकलेली मोटारसायकल पुन्हा आठवायला लागली, अशा वाचकांची पत्रं या वेळी घेतली आहेत. बहुतेकांनी सीसी, पिकअप आणि ॲव्हरेज विचारलं आहे. उत्तरं देताना आम्ही दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली आहे. वेग पंधरा-वीसच्या वर गेला की गाडी आपला तोल बराचसा आपणच धरते. सिग्नलला, पेट्रोल पंपावर, हॉटेलच्या खडीच्या अंगणात, घाटात ट्रकमागे थांबावं लागलं की ती तुम्हाला धरावी लागते. खूप वर्षांनी परतलेला माणूस पडतो तो बहुधा अशाच जागी, वेग शून्य असताना. त्यामुळे गाडीची निवडही तिथूनच करावी असं आमचं ठाम मत आहे.

प्रश्न : वय ५६, उंची ५ फूट ४ इंच, वजन ७२ किलो. १९९८ पर्यंत येझदी चालवली, त्यानंतर कारच. आता सौ.ना घेऊन कोकण किनाऱ्याने गोव्यापर्यंत जायचं आहे. मीटिअर ३५०, हिमालयन ४५० आणि ट्रायंफ स्पीड ४०० या तिघींत अडकलो आहे. कोणती घेऊ? (एक वाचक, सांगली)

उत्तर : शोरूमला जाण्याआधी घरी एक माप घ्या. जे बूट घालून गाडी चालवणार तेच घालून भिंतीला पाठ लावून उभे राहा. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन्ही मांड्यांमध्ये धरून, सीटवर बसल्यासारखं दाब येईपर्यंत वर ओढा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावा. तुमच्या उंचीला हे माप बुटासकट साधारण ७५ ते ७८ सेंमी येईल. पण सारख्याच उंचीच्या दोन माणसांत तीन-चार सेंमीचा फरक सहज निघतो, म्हणून अंदाजावर जाऊ नका.

आता सीटची उंची बघा. मीटिअरची ७६५ मिमी, स्पीड ४०० ची ७९०, हिमालयनची ८२५. तुम्ही बसलात की शॉकअप दोन-तीन सेंमी दबतात, ते तुमच्या बाजूचं. सीट पुढे रुंद असेल तर पाय फाकतात आणि तेवढीच उंची परत हातची जाते, हे कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं. मीटिअरवर तुमचे दोन्ही तळवे टेकतील. स्पीड ४०० वर चवडे नीट टेकतील, टाचा थोड्या अधांतरी राहतील. हिमालयनवर बोटांवर उभं राहावं लागेल. एकटे असाल तर सवयीने तेही जमतं. पण मागे माणूस असताना आणि रस्ता नेमका पाय टेकायच्या बाजूलाच उतरता असताना जमत नाही.

वजनाचा हिशेबही एकदा करून टाका. मीटिअर १९१ किलो, तुम्ही ७२, सौ. समजा ६५, सामान १५. झाले ३४३ किलो. येझदी याहून बरीच हलकी होती आणि तेव्हा तुमचे गुडघे विशीतले होते. गाडी सरळ उभी असेपर्यंत हे वजन चाकांवर असतं. ती दहा-बारा अंश कलली की ते एका पायावर येतं, आणि त्यापुढे कोणाच्याच ताकदीने आवरत नाही.

शोरूममध्ये चावी लावण्याआधी चार गोष्टी करा. पहिली, साइड स्टँडवर कललेली गाडी हँडल सरळ करून दहा वेळा उभी करा आणि परत टेकवा. दहाव्या वेळी दम लागला तर ते लक्षात ठेवा. दुसरी, बसल्या-बसल्या फक्त पायांनी गाडी पाच मीटर मागे ढकला. तिसरी, खाली उतरून, पुढचा ब्रेक हाताशी ठेवून ती हाताने पूर्ण वळवून आणा. चौथी, सौ.ना मागे बसवून पाच मिनिटं नुसते उभे राहा. सेल्समन अस्वस्थ होईल, होऊ द्या. हे जमल्यावर ट्रायल घ्या, आणि तीही मोकळ्या हायवेवर न घेता बाजारपेठेतून घ्या.

आमचं मत विचाराल तर पहिली पसंती मीटिअर. हिमालयन ४५० खराब रस्त्याला या तिघींत सर्वांत सरस आहे, पण तुमचं माप आणि डबलसीट प्रवास धरला तर ती तुमच्यासाठी नाही. स्पीड ४०० हलकी आहे, क्लच मऊ आहे, पण मागची सीट दोन तासांच्या पुढे जाच करेल. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांना १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्यांना ४० टक्के. स्पीड ४०० चं इंजिन ३९८ सीसीचं. वाचलेले पैसे हेल्मेट, जॅकेट आणि बुटांना लागतील. यादीत एक नाव मात्र तुम्ही घेतलेलं नाही, होंडा हायनेस सीबी ३५०. सीट ८०० मिमी, वजन १८१ किलो आणि क्लच एका बोटाने दाबेल इतका हलका. तळवे पूर्ण टेकले नाहीत तरी बसण्याची ठेवण सरळ आहे. मीटिअरवर पाय पुढे टाकून बसणं कमरेला मानवलं नाही, तर ही बघा.

प्रश्न : पुन्हा गाडी घ्यायचीच आहे, तर एकदाच मोठी ६५० घ्यावी म्हणतो. लांबच्या प्रवासाला ३५० कमी पडते ना? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : तुम्ही जाणार कुठे, त्यावर आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग दुचाकींना बंद आहेत, अटल सेतूही बंद. म्हणजे जिथे मोठं इंजिन मोकळं सोडता येतं ते रस्ते तुमच्यासाठी नाहीतच. उरतात जुना हायवे, राज्यमार्ग, ताम्हिणी, वरंधा, आंबोली यांसारखे घाट आणि किनाऱ्याचा रस्ता. तिथे वेग ५० ते ८० च्या मध्ये असतो आणि ३५० ची गाडी त्या वेगात न कुरकुरता दिवसभर चालते. डबलसीट असताना घाटात एक गिअर खाली घ्यावा लागेल, एवढंच. पुण्याहून बंगळूरला चौपदरी-सहापदरी रस्त्याने वर्षातून चार वेळा जाणार असाल तर ४०० ते ६५० चा विचार रास्त आहे.

सुपर मीटिअर ६५० ची सीट फक्त ७४० मिमी आहे, म्हणून ती 'सोपी' वाटते. वजन मात्र २४१ किलो. बुटक्या सीटमुळे पाय टेकतात, गाडी हलकी होत नाही. याची खरी परीक्षा बघायची असेल तर वेसवी-बागमांडला किंवा दाभोळ-धोपावेच्या फेरीबोटीवर चढून बघा. जेटीचा उतार ओला आणि शेवाळलेला, बोटीची फळी लोखंडी, पुढे टेम्पो, मागे जीप. तिथे मागच्या माणसाला उतरवायचं, पहिल्या गिअरमध्ये हाफ क्लचवर सरळ रेषेत चढायचं, आणि ओल्या लोखंडावर हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबायचा नाही. बोटीत गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून साइड स्टँडवर लावा आणि शेजारीच उभे राहा. १९० किलोला हे जमतं. २४० किलोला दोघांची मदत मागावी लागते.

प्रश्न : वय ६१. तीस वर्षं उजव्या गिअरची बुलेट चालवली, मग बारा वर्षं खंड. नव्या गाडीची ट्रायल घेताना घाईच्या वेळी पाय चुकतो. या वयात सवय बदलते का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : बदलते, पण रहदारीत नाही, रिकाम्या मैदानात. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला, पहिला वर आणि बाकीचे खाली, ब्रेक डाव्या पायाला. आताच्या गाड्यांत गिअर डावीकडे, पहिला खाली आणि बाकीचे वर, ब्रेक उजवीकडे. सगळंच उलट. धोका नेमका कुठे आहे ते समजून घ्या. कुत्रं आडवं आलं की जुन्या सवयीने तुमचा डावा पाय ब्रेक समजून खाली दाबला जातो. ब्रेक तर लागत नाहीच, उलट गिअर एक खाली पडतो, गाडी झटका देते आणि ओल्या रस्त्यावर मागचं चाक घसरतं.

दहा दिवस, रोज वीस मिनिटं, पुढील क्रमाने सराव करा. पहिले दोन दिवस इंजिन बंद ठेवून मेन स्टँडवर, क्लच दाबून नुसते गिअर वर-खाली, तोंडाने आकडा म्हणत. मेन स्टँड नसेल तर बसल्या-बसल्या गाडी इंचभर पुढे-मागे करत, म्हणजे गिअर पडतात. तिसऱ्या दिवसापासून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ताशी दहा-पंधराने, मागच्या ब्रेकवर उजवा पाय हलका ठेवून. सहा पावलांच्या अंतराने पाण्याच्या बाटल्या मांडून त्यांच्यातून नागमोडी जा. नजर बाटलीवर ठेवलीत तर बाटलीवरच जाल. पुढच्या मोकळ्या जागेकडे बघा. शेवटचे चार दिवस ब्रेक.

ब्रेकची सवय गिअरपेक्षा महत्त्वाची आहे, आणि याबद्दल कोणी विचारत नाही म्हणून इथे थोडं सविस्तर. जुन्या गाड्यांचा पुढचा ड्रम ब्रेक कमजोर होता. त्यामुळे तुमच्या पिढीला मागच्याच ब्रेकवर गाडी थांबवायची सवय आहे. आताच्या गाडीला पुढे डिस्क आहे आणि १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे. ब्रेक लागला की वजन पुढे झुकतं, पुढचं टायर रस्त्याला दाबलं जातं आणि पकड तिथे मिळते; मागचं चाक हलकं होतं. म्हणून थांबवण्याचं मोठं काम पुढच्या ब्रेकचंच. लिव्हर दोन टप्प्यांत दाबा. आधी पुढचे शॉकअप खाली बसतील एवढं हलकं, मनात 'एक' म्हणेपर्यंत, मग जोरात. एकदम आवळलं तर टायरवर वजन यायच्या आत चाक धरलं जातं. ताशी ३० ला सुरुवात करा, मग ४०, मग ५०. एबीएस चालू झालं की लिव्हर बोटांखाली धडधडते. काही बिघडलं असं वाटून अनेक जण त्या क्षणी लिव्हर सोडतात. सोडायची नाही, गाडी थांबेपर्यंत तशीच दाबून धरायची.

अंतराचा हिशेब पाठ करा. ताशी ६० ला गाडी सेकंदाला १६-१७ मीटर जाते. डोळ्याने धोका बघून हात ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर तिथेच गेले, आणि कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक मारला तरी पुढे २० मीटर लागतात. एकूण ४५. ताशी ८० ला हाच आकडा ७० मीटरच्या घरात जातो.

येझदी, राजदूत, आरएक्स १०० वाल्यांसाठी जाता-जाता : टू-स्ट्रोक गाडी रेस सोडली तरी पळत राहायची. आताची फोर-स्ट्रोक गाडी रेस सोडली की इंजिनाच्या जोरावर स्वतःला रोखते. घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक तापणार नाहीत. न्यूट्रल करून घाट उतरण्याची जुनी पेट्रोल-बचत कायमची सोडा.

प्रश्न : वय ५३, कमरेच्या एल४-एल५ मणक्यांमध्ये जुनी स्लिप डिस्क आहे. डॉक्टरांनी 'बेताने' परवानगी दिली आहे. क्रूझर गाडी आरामशीर म्हणतात, ती घ्यावी का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : शोरूममध्ये आराम वाटतो, खड्ड्यात नाही. क्रूझरवर पाय पुढे असतात, त्यामुळे शरीराचा सगळा भार माकडहाडावर येतो आणि मागच्या चाकाचा प्रत्येक दणका थेट कमरेत जातो. फूटरेस्ट गुडघ्यांच्या खाली असलेल्या साध्या ठेवणीच्या गाडीवर तुम्ही स्पीडब्रेकरच्या आधी पायांवर भार घेऊन सीटपासून दोन बोटं उठू शकता. तुमच्यासाठी एवढी एक गोष्ट बाकी सगळ्यापेक्षा मोलाची आहे. सीबी ३५०, क्लासिक ३५०, डॉमिनार ४०० या त्या ठेवणीच्या.

ट्रायलला हँडल धरून बघा : कोपर थोडं वाकलेलं, खांदे सैल, मनगट सरळ. पुढे ओणवं व्हावं लागत असेल तर हँडलखाली दोन-तीन सेंमीचे रायझर (हँडल उंच करणारे तुकडे) बसवता येतात. बसवल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ब्रेकचा पाइप आणि क्लचची केबल ताणली जात नाही ना, ते बघूनच पैसे द्या. मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे त्याच्या स्प्रिंगचा ताण, कंपनीकडून येताना अनेकदा मधल्या खाचेवर असतो. एकटे आणि वजनाने हलके असाल तर एक खाच कमी करा. टायरमध्ये हवा जास्त भरायची सवय सोडा. कंपनीने सांगितल्यापेक्षा पाच-सहा पीएसआय जास्त भरले की टायर दगडासारखं होतं आणि कंबर त्याची साक्ष देते. आकडा चेनकव्हरजवळच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत असतो. हवा गाडी थंड असताना, सकाळीच तपासायची.

दिवसाला २५० किमी पुरे. दर तासाला उतरून पाच मिनिटं चाला, चहाच्या टपरीवरही उभंच राहा. कमरेचा पट्टा घट्ट बांधून सलग तीन तास बसणं हा उपाय नाही.

प्रश्न : मिस्टर पुन्हा गाडी घेत आहेत. मागे मीच बसणार, पण मला कोणी काही विचारत नाही. मी काय बघावं? वय ५२, गुडघे थोडे दुखतात. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : तुमचा प्रश्न खरं तर पहिला यायला हवा होता. ट्रायलला तुम्ही जाच, आणि किमान अर्धा तास बसा. सीट मागच्या बाजूला उतरती नको, नाहीतर प्रत्येक ब्रेकला पुढे आणि प्रत्येक पिकअपला मागे घसराल. फूटरेस्ट इतके उंच नकोत की गुडघे काटकोनापेक्षा जास्त दुमडतील. स्पोर्टी गाड्यांत हीच अडचण असते. मागे धरायला पकड आणि पाठीला टेकू असावा. टेकू नंतरही बसवता येतो. तो नुसता दिखाऊ नसावा, माकडहाडाच्या वर कमरेला टेकला पाहिजे.

लांबच्या प्रवासात एका बाजूला पाय सोडून बसू नका. वजन एकीकडे गेल्याने वळणात गाडी ओढते आणि जोराचा ब्रेक लागला तर तुम्हाला धरायला काही उरत नाही. सलवार किंवा पँट, घोट्याच्या वर जाणारे बूट, आणि तुमचं स्वतःच्या मापाचं हेल्मेट. ओढणी जॅकेटच्या आत.

चढण्या-उतरण्याची पद्धत दोघांनी ठरवून घ्या. ते आधी बसतील, साइड स्टँड वर घेतील, दोन्ही पाय टेकवून पुढचा ब्रेक दाबतील आणि 'बस' म्हणतील. मगच तुम्ही डावीकडून चढायचं. उतरतानाही सांगूनच. न सांगता उतरण्याने उभी गाडी आडवी होते. आणि तुम्ही बसणार म्हणून मागचा प्रीलोड एक-दोन खाचा वाढवायला त्यांना सांगा. नाहीतर गाडीचं शेपूट खाली बसतं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि वळणात स्टँड घासतो.

सामान तुमच्या पाठीवर नको. दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत, जड वस्तू खाली. मागच्या डिक्कीत रेनकोट आणि औषधं एवढंच. तीन-चार किलोच्या वर तिथे काही ठेवलं तर पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल डुलायला लागतं.

प्रश्न : वय ४९, उंची ५ फूट १ इंच. कॉलेजात लुना, मग कायनेटिक होंडा चालवली. आता गिअरची टूरिंग गाडी शिकायची आहे. सगळे म्हणतात, स्कूटरच बरी. (एक वाचक, पुणे)

उत्तर : शिका. बॅलन्स आणि रस्त्याची नजर तुमच्याकडे आहेच. नवा आहे तो क्लच आणि डावा पाय. ॲव्हेंजर २२० क्रूझची सीट ७३७ मिमी आणि वजन १६३ किलो, या मापाला इतकी सोयीची टूरिंग गाडी क्वचित मिळते. हंटर ३५० ची सीट ७९० मिमी आहे. ती आवडली तर सीटचा फोम दोन-तीन सेंमी कापून घेता येतो; चांगला सीटवाला तो मधोमध न कापता दोन्ही कडांनी कापतो, म्हणजे मांड्या आत येतात आणि बसायचा मऊपणा टिकतो. शॉकअप खाली करणारे तुकडे लावून गाडी बुटकी करू नका. साइड स्टँड लांब पडून गाडी सरळ उभी राहते आणि वाऱ्यानेही उलटते.

दोन्ही पाय टेकलेच पाहिजेत असं नाही. थांबताना शेवटच्या मीटरला उजवा पाय मागच्या ब्रेकवर ठेवा, सीटवर किंचित डावीकडे सरका आणि डावा तळवा पूर्ण टेकवा. पाय टेकायच्या जागी रेती, तेल किंवा खड्डा नाही ना, हे थांबण्याआधी बघायची सवय लावा. गाडी लावताना पुढचं चाक चढाकडे ठेवा, म्हणजे निघताना ती मागे आपोआप येईल. उताराकडे तोंड करून भिंतीला लावली तर मागे ढकलायला दुसऱ्याला हाक मारावी लागते.

प्रश्न : वय ५८. लायसन्स २०२१ मध्ये संपलं. नुसतं नूतनीकरण होईल ना? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : नाही. मुदत संपून एक वर्ष उलटलं की पुन्हा चाचणी द्यावी लागते. अर्ज परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर, सोबत फॉर्म १-ए मधलं डॉक्टरी प्रमाणपत्र. जुन्या लायसन्सवर 'एमसीडब्ल्यूजी' म्हणजे गिअरची मोटारसायकल हा वर्ग आहे का, तेही पाहा. फक्त कारचं असेल तर आधी लर्निंग लायसन्स. तुमच्या वयाला नवं लायसन्स पाच वर्षांचं मिळेल. चालू लायसन्स नसताना अपघात झाला तर गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारते, आणि मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघाती संरक्षणही हातात राहत नाही.

प्रश्न : बायफोकल चष्मा आहे. हेल्मेटमध्ये अडकतो, आणि रात्री समोरच्या दिव्यांनी काही दिसत नाही. (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : पुढून उघडणारं फ्लिप-अप हेल्मेट आणि सरळ, चपट्या काड्यांची फ्रेम घ्या. हेल्मेट खरेदीला चष्मा घेऊन जा. डोक्यात घालून वीस मिनिटं बसा आणि कानशिलावर कळ येते का बघा. गालाच्या गाद्या घट्टच हव्यात. पट्टा लावून मागून वर ढकललं तर डोक्यावरून निघता कामा नये. आयएसआय खूण असलेलंच घ्या, आणि माळ्यावरचं जुनं हेल्मेट नको. त्यातलं थर्माकोल केव्हाच वाळून गेलेलं असतं. बायफोकलची खालची काच मीटर वाचायला बरी, पण पाय टेकायची जागा बघताना तीच दगा देते, तेव्हा हनुवटी खाली घेऊन वरच्या काचेतून बघा. दिव्यांभोवती वलयं दिसत असतील तर मोतीबिंदूची तपासणी करा आणि तोवर सूर्यास्ताच्या आत मुक्कामी पोहोचा. सर्दीची गोळी घेऊन गाडीवर बसू नका, तिच्याने डुलकी येते. बीपी आणि शुगरच्या औषधांच्या वेळा प्रवासाआधी डॉक्टरांना विचारून घ्या.

प्रश्न : तीन वर्षांची, १८,००० किमी झालेली ३५० बघितली आहे. काय तपासू? (एक वाचक, सातारा)

उत्तर : मालकाला आधीच सांगून ठेवा की गाडी तुमच्यासमोर थंडच सुरू करायची. पोहोचलात आणि इंजिन गरम लागलं तर कारण विचारा. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. मधोमध खाचेत अडकल्यासारखं झालं तर कोनसेट (हँडलचे बेअरिंग) गेला. स्प्रॉकेटचे (चेनच्या चक्राचे) दात हुकासारखे वाकलेले असतील तर अख्खं चेन किट बदलावं लागेल. फोर्कच्या (पुढच्या शॉकअपच्या) नळीवर बोट फिरवा. तेल लागलं तर सील फुटलंय. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात : ३२२२ म्हणजे २०२२ चा ३२ वा आठवडा. पाच वर्षांपुढचं टायर नक्षी कितीही दिसली तरी बदला.

गाडी पडली होती का, हे टाकीवर कळत नाही, ती रंगवता येते. लिव्हरच्या टोकाचा गोळा, फूटरेस्टची टोकं, हँडलची टोकं आणि सायलेन्सरची खालची बाजू बघा. मग फ्रेमच्या तोंडाशी, जिथे हँडल पूर्ण वळल्यावर टेकतं तो लोखंडी ठोकळा बघा. तिथे रंग उडून ठेचलेलं असेल तर धडक जोराची होती. गाडी सोडून द्या.

चाकं तारांची की अलॉय, तेही बघा. मीटिअरच्या अलॉयवर ट्यूबलेस टायर असतं. खिळा घुसला तरी हवा हळूहळू जाते आणि दोरीच्या किटने रस्त्याकडेला पंक्चर निघतं. क्लासिकच्या तारांच्या चाकात ट्यूब असते. ती एकदम बसते आणि चाक काढल्याशिवाय काम होत नाही.

कागदांत मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, आरसी बुकवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५. विमा स्वतःच्या नावावर करून घेण्याचा अर्ज १४ दिवसांत करा.

प्रश्न : एकट्याने प्रवास करणार आहे, वय ५९. गाडी आडवी झाली तर उचलता येईल का? (एक वाचक, बारामती)

उत्तर : १९० किलोपर्यंतची येते, पण हाताच्या जोरावर नव्हे. वाकून हँडल ओढलंत तर कंबर धरेल.

आधी इंजिन बंद करा, चावी काढा, पेट्रोल गळतंय का बघा. गाडी उजवीकडे पडली असेल तर उचलण्याआधी साइड स्टँड बाहेर काढून ठेवा, म्हणजे उभी झाल्यावर पलीकडे उलटणार नाही. पोहोचता आलं तर पहिला गिअर टाका, नाहीतर चाक पुढे पळेल. हँडल पूर्ण जमिनीच्या बाजूला वळवा. गाडीकडे पाठ करा, कुल्ले सीटच्या कडेला टेकवा. एका हाताने खालची मूठ धरा, दुसऱ्याने मागची पकड किंवा फ्रेमची नळी. सायलेन्सर, इंडिकेटर नको. पाय जवळ, पाठ ताठ, नजर समोर. आता पायांनी ढकलत छोटी-छोटी पावलं मागे टाका. पहिला अर्धा फूट सर्वांत जड असतो, पुढे गाडी हलकी होत येते. सरळ झाली की डावीकडे पडलेल्या गाडीचा स्टँड टाचेने काढा.

दोन प्रयत्नांत हलली नाही तर थांबा, पाणी प्या, येणाऱ्याला हात करा. उचलल्यावर लगेच स्टार्ट मारू नका. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हर वाकल्या आहेत का, ब्रेकचं पेडल आत दाबलं गेलंय का, हँडल चाकाच्या रेषेत आहे का, खाली तेल पडलंय का, हे बघा. बऱ्याच नव्या गाड्यांत गाडी कलली की पेट्रोल बंद करणारा सेन्सर असतो. चावी एकदा पूर्ण बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. हे घराच्या अंगणात जुनी गादी टाकून, गाडी तिच्यावर हळूच आडवी करून, दोन माणसं शेजारी उभी करून आधी करून बघा. तिथे उठली नाही तर शोरूममध्ये जाऊन वीस किलो हलकी गाडी बघा.